बॉनेटबहाद्दर

बॉनेट उघडल्याचा ‘खट्’ असा आवाज बॉनेटबहाद्दराला चौथ्या मजल्यावर, टीव्हीवरची चर्चा रंगात आलेली असताना, कुकरच्या तिसऱ्या शिट्टीच्या वेळीही ऐकू येतो. दारावरची बेल मात्र त्याच कानांना ऐकू येत नाही. ते खातं काकूंकडे असतं.

पुढच्या दोन मिनिटांत तो पार्किंगमध्ये हजर. बर्म्युडा, वर घाईत चढवलेला शर्ट, त्याची एक गुंडी चुकलेली, आणि कपाळावर मुलाच्या ट्रेकचा टॉर्च. भर दुपारीसुद्धा टॉर्च. आल्या आल्या तो काही बोलत नाही. हात पाठीमागे बांधून इंजिनाकडे बघत उभा राहतो आणि मग गाडीच्या मालकाकडे मान न वळवता पहिला प्रश्न टाकतो, “पेट्रोल कुठं भरता?”

तुम्ही कुठल्याही पंपाचं नाव सांगा. तो “हं” म्हणतो. त्या ‘हं’मध्ये तुमच्या गाडीचा, तुमच्या निर्णयशक्तीचा आणि जमल्यास तुमच्या घराण्याचा निकाल लागलेला असतो.

हा मनुष्य प्रत्येक सोसायटीत असतो. पुण्यात थोडा जास्त असतो, कारण इथलं हवामान त्याला मानवतं. एका बाजूला पिंपरी-चिंचवड आणि भोसरीचे कारखाने, दुसऱ्या बाजूला स्पेअर पार्टसाठी नाना पेठ, आणि डोक्यावर, अगदी शब्दशः डोक्यावर, कोथरूडच्या टेकडीवर बसलेली एआरएआय. १९६६ साली स्थापन झालेली ही संस्था गाड्या तपासून पास-नापास करते. आमच्या सोसायटीतले बहाद्दर म्हणजे काका. ते रोज पहाटे त्याच टेकडीवर फिरायला जातात. संस्थेच्या फाटकाच्या आत त्यांनी कधी पाऊल टाकलेलं नाही. पण कुंपणाच्या इतक्या जवळून इतकी वर्षं चाललं की थोडा अधिकार अंगात मुरतोच, अशी त्यांची प्रामाणिक समजूत आहे. निवृत्त झाले ते भोसरीच्या एका कंपनीतून, पर्चेस डिपार्टमेंटमधून. म्हणजे नटबोल्ट त्यांनी आयुष्यभर हाताळले, पण किलोच्या भावात.

या जातीचा मूळपुरुष कार्बोरेटरच्या काळातला. तो जेट काढून त्यात तोंडानं फुंकर मारायचा, पॉइंटला पॉलिशपेपर लावायचा, प्लगची टोकं दाढीच्या ब्लेडनं खरवडायचा. त्याच्या विद्येत एक सोय होती. गाडी सुरू झाली की सगळ्यांना कळायचं, नाही झाली तरी सगळ्यांना कळायचं. मग तो गुपचूप धक्का मारायला मागे जायचा. विद्येची परीक्षा रोज, आणि तीही चारचौघांत.

डॅशबोर्डवर पिवळा दिवा आला आणि ही परीक्षाच संपली.

या दिव्याचा जन्म लॉस एंजेलिसच्या धुरातला. गाडीनं आपल्या धुरावर आपणच लक्ष ठेवावं, बिघडलं तर चालकाला सांगावं, हा नियम कॅलिफोर्नियानं १९८८च्या गाड्यांपासून आणला. १९९६पासून सगळ्या अमेरिकेत एकच पद्धत, एकच सॉकेट, एकसारखे कोड असं ठरलं. युरोपात पेट्रोलच्या गाड्यांना ते २००१मध्ये लागू झालं आणि आपल्याकडे २०१० आणि २०१३ अशा दोन हप्त्यांत. म्हणजे इंजिनाचं चित्र असलेला हा दिवा तुमच्या सोयीसाठी बसवलेलाच नाही. त्याला मुख्य काळजी धुराड्याची. तेलाच्या किटलीचा लाल दिवा लागला तर गाडी जागच्या जागी बंद करायची असते. पिवळा इंजिनदिवा शांतपणे लागून राहिला आणि गाडी नीट चालत असेल तर घर गाठता येतं, गॅरेज गाठता येतं. तो उघडझाप करू लागला तर मात्र पाय हलका करावा आणि गाडी बाजूला घ्यावी. एखाद्या सिलिंडरमधलं पेट्रोल न जळता पुढे जातंय आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये पोचून तिथं पेटतंय, असा त्याचा अर्थ. आणि कन्व्हर्टर महाग असतो, कारण त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम असतं.

दिवा लागला तर काय करावं, हे गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तकात छापलेलं असतं. ते पुस्तक डॅशबोर्डच्या कप्प्यात, प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीची चिकटपट्टीसुद्धा न काढता ठेवायची आपल्याकडे रीत आहे. बॉनेटबहाद्दराचा उदय या न फोडलेल्या पिशवीतून झालेला आहे.

आमच्या काकांकडे स्कॅनर आहे. काडेपेटीएवढा, निळा, अर्धपारदर्शक. कॅनडातल्या एल्म इलेक्ट्रॉनिक्सनं काढलेल्या चिपची ही स्वस्त नक्कल. ऑनलाइन सेलमध्ये घेतलेली. स्टिअरिंगच्या खाली, पेडलच्या वरच्या अंधारात सोळा पिनांचं सॉकेट असतं. तिथं हा डबा खुपसायचा, ब्लूटूथनं मोबाइलला जोडायचा आणि गाडीच्या पोटातलं वाचायचं. सॉकेट शोधताना काकांचं डोकं क्लचजवळ असतं आणि बर्म्युडा दाराबाहेर. वॉचमन अशा वेळी सभ्यपणे गेटकडे तोंड करून उभा राहतो.

आता खरी गंमत. काकांची स्वतःची गाडी म्हणजे १९९७ची कार्बोरेटरवाली मारुती ८००. चंदेरी कव्हराखाली झाकलेली, कोपऱ्यात. तिच्यात कॉम्प्युटर नाही, सॉकेट नाही, दिवा नाही. हा स्कॅनर तिला लावायला जागाच नाही. काका तिच्यावर माया करतात, दसऱ्याला हार घालतात, पण निदान मात्र दुसऱ्यांच्या गाड्यांचं करतात. त्यांना वाईट वाटत नाही. मला मात्र कधी कधी त्या ८००बद्दल वाटतं.

स्कॅनरवर कोड येतो आणि काका तो ठणठणीत आवाजात वाचतात. पी म्हणजे इंजिन-गिअरबॉक्सचं खातं. पुढे शून्य असलं तर तो सगळ्या कंपन्यांना सामायिक कोड. त्यापुढचे आकडे बिघाडाचे. इथपर्यंत काका बिनचूक. घोळ होतो तो पुढच्या पायरीवर. कॉम्प्युटरला काय दिसलं एवढंच कोड सांगतो, काय मोडलं ते सांगत नाही. पी०१७१ आला तर इंजिनात पेट्रोलच्या मानानं हवा जास्त जातेय एवढंच कळतं. ती फाटक्या रबरी पाइपातून जात असेल, पेट्रोलचा पंप दमला असेल, किंवा हवा मोजणारा सेन्सरच धुळीनं बरळत असेल. काकांना यातलं काही सुचत नाही. ते म्हणतात, “पेट्रोलमध्ये भेसळ.” दुसऱ्या मजल्यावरच्या सेडानला पी०४२० आला. हा कोड येतो तेव्हा कन्व्हर्टरच्या पुढचा आणि मागचा ऑक्सिजन सेन्सर एकाच तालात नाचताना दिसलेला असतो. मागचा खरं तर संथ असायला हवा. काकांनी कन्व्हर्टर बदलायचं फर्मान काढलं. त्या गृहस्थांनी किंमत ऐकून आधी एका सायलेन्सरवाल्याला गाडी दाखवली. त्यानं सांध्याला पडलेली चीर वेल्डिंगनं बुजवली आणि दिवा गेला. काका त्या सायलेन्सरवाल्याचा उल्लेख आजही “कोण तो” असा करतात.

पण ही सगळी सतत लागून राहणाऱ्या दिव्याची कथा. काकांचं खरं प्रेम येऊन-जाऊन असणाऱ्या दिव्यावर आहे. आज लागला, परवा गेला, पुढच्या गुरुवारी पुन्हा लागला. हा दिवा मालकाची झोप उडवतो आणि बहाद्दराला अमर करतो.

त्याचं कारण दिव्याच्या स्वभावात आहे. हा दिवा जुन्या मास्तरांच्या चालीचा आहे: पहिली चूक मनात ठेवायची, लगेच पुढच्या खेपेला पुन्हा केली तर वहीत नाव. बहुतेक बिघाड लागोपाठ दोन फेऱ्यांमध्ये दिसले तरच तो लागतो. आणि नंतर साधारण तीन फेऱ्या सुरळीत गेल्या की आपला आपण विझतो. कोड मात्र आतल्या स्मृतीत राहतो, इंजिन चाळीस वेळा थंडाचं गरम होईपर्यंत. आता विचार करा. दिवा लागला. घाबरून तुम्ही काहीतरी केलंत. टायरची हवा तपासलीत, महागडं पेट्रोल भरलंत, आरशाला लिंबू-मिरची बांधलीत. तीन फेऱ्या झाल्या, दिवा गेला. श्रेय कुणाचं? अर्थात लिंबाचं. कुठलाही उपाय करा, तो लागू पडतोच. इतका दयाळू बिघाड विद्वानांच्या वाट्याला दुसऱ्या कुठल्याही क्षेत्रात येत नसेल.

या सुखात पहिल्यांदा खडा पडला तो पहिल्या मजल्यावरच्या मॅडममुळे. या बाई कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतात. त्यांची गाडी छोटी, पेट्रोलची, तीन सिलिंडरची. जुलैच्या एका सकाळी ती सिग्नलला थरथरली आणि पिवळा दिवा लागला. संध्याकाळी बॉनेट उघडलं, ‘खट्’, आणि काका खाली.

कोड निघाला पी०३०२. म्हणजे दुसऱ्या सिलिंडरमध्ये ठिणगी-पेट्रोलचा मेळ चुकतोय. काकांनी तो मोठ्यानं वाचला आणि लगेच दुसरं बटण दाबून पुसून टाकला. दिवा विझला. “झालं!” काका म्हणाले आणि हात झटकले. मॅडमनी विचारलं, “काका, झालं म्हणजे काय झालं?”

“दिवा गेला ना?”

हा काकांच्या शास्त्राचा पाया. दिवा घालवणं म्हणजे दुरुस्ती. कोड पुसला की त्याबरोबर गाडीनं बिघाडाच्या क्षणी टिपून ठेवलेली माहितीही जाते. इंजिन किती फेऱ्यांवर होतं, किती तापलं होतं, गाडीचा वेग किती होता. अधूनमधून येणाऱ्या बिघाडाला पकडायला हाच काय तो धागा, आणि काका तो स्वच्छतेच्या भावनेनं पुसतात. बॅटरीचं टर्मिनल दहा नंबरच्या पान्यानं काढून पाच मिनिटांनी परत लावलं तरी जुन्या गाड्यांत बरंचसं असंच होतं. तो त्यांचा राखीव उपाय.

दिवा पुन्हा लागला. काका मॅडमना घेऊन नाना पेठेत गेले. तीन प्लगांसाठी त्यांनी जी घासाघीस केली, तिच्यात पर्चेस डिपार्टमेंटचा सगळा पूर्वेतिहास उजळून निघाला. प्लग बदलले. दोन आठवडे दिवा नाही. काकांनी सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जुन्या काळ्या प्लगांचा फोटो टाकला. खाली अंगठ्यांची रांग लागली. त्या दोन आठवड्यांत पावसानं ओढ दिली होती, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

एकीच्या आलं. मॅडमनी एक वही केली होती. कॉलेजच्या हजेरीसारखे रकाने आखलेले. तारीख, दिवा आहे की नाही, रात्री पाऊस होता का, पेट्रोल कधी भरलं, आणि ‘काकांनी केलेला उपाय’ असा एक स्वतंत्र रकाना.

पाऊस परतला, दिवाही परतला. काकांनी टाकीत ओतायची बाटली आणवली. मग त्यांनी इथेनॉलवर मोर्चा नेला. “वीस टक्के, मॅडम! गाडी उसाची दारू पितेय. थरथरणार नाही तर काय करेल?” मॅडम म्हणाल्या, “काका, ती रोज पिते. थरथरते फक्त ओल्या सकाळी.” यूट्यूबवरच्या एका अमेरिकन गृहस्थांचं ऐकून काकांनी टाकीचं झाकण घट्ट बसतंय का तेही पाहिलं. तिकडे टाकीतून पेट्रोलची वाफ निसटली तरी दिवा लागतो हे खरं. पण तिकडे त्याचा कोड वेगळा येतो, दुसऱ्या सिलिंडरचा येत नाही. काकांनी झाकण तीनदा आवळलं. मॅडमनी रकान्यात लिहिलं, ‘झाकण’.

सर्व्हिस सेंटरलाही मॅडम जाऊन आल्या. गाडी तिथं पोचली तोवर दिवा विझलेला आणि कोड काकांनी पुसलेला. तिथल्या टायवाल्या मुलानं जॉब कार्डावर ‘दोष आढळला नाही’ असं लिहिलं, गाडी धुऊन दिली आणि सांगितलं, “मॅडम, दिवा लागलेला असेल तेव्हा आणा.” यात त्याचा फारसा दोष नाही. दिसत नाही ते शोधायला वेळ लागतो, आणि जॉब कार्डावर वेळेचा रकाना नसतो.

एका रविवारी मॅडमनी वही काकांपुढे ठेवली.

“काका, तुमच्या उपायांचा आणि दिव्याचा काही संबंध दिसत नाही. पावसाचा मात्र दिसतो.”

“पाऊस काही मी थांबवू शकत नाही.”

“तो राहू दे. कोड पुसणं थांबवा.”

काकांचा चेहरा पडला. पण गॅरेजला बरोबर यायचं त्यांनी सोडलं नाही. सिंहगड रस्त्याच्या आतल्या गल्लीत पत्र्याच्या शेडमध्ये एक मेकॅनिक आहे. कमी बोलतो आणि त्यामुळे त्याचा धंदा बेताचा आहे. त्यानं वही घेतली. सगळी वाचली. ‘काकांनी केलेला उपाय’ या रकान्यापाशी क्षणभर थांबला, मान वर केली नाही, पान उलटलं. मग दुसऱ्या सिलिंडरची इग्निशन कॉईल काढून तिसऱ्यावर बसवली, तिसरीची दुसऱ्यावर.

“चालवा चार दिवस. तीनशे तीन आला तर कॉईल खराब. तीनशे दोनच राहिला तर कॉईल चांगली, मग दुसरीकडे बघू. आणि मधे कुणी हात लावायचा नाही.”

शेवटचं वाक्य त्यानं शेडच्या खांबाला उद्देशून म्हटलं. खांबाला टेकून काका उभे होते.

ही अदलाबदल बिनपैशाची असते, कुठलाही नवा पार्ट न आणता निम्मं निदान करते आणि बहुधा म्हणूनच फारशी लोकप्रिय नाही. चार दिवसांनी गाडी आली तेव्हा दिवा चालू होता आणि कोड तोच, तीनशे दोन. कॉईल सुटली. प्लग नवे होतेच. उरलं इंजेक्टर आणि वायरिंग. मेकॅनिकनं इंजिन सुरू ठेवलं आणि सलूनमध्ये असते ती फवाऱ्याची बाटली उचलली. काकांना वाटलं, हा आता तोंडावर पाणी मारून घेणार. त्यानं वायरिंगवर वीतभर अंतरानं हलकेच फवारा मारत नेला. पहिल्या सिलिंडरपाशी काही नाही. दुसऱ्यापाशी काही नाही. वायरांचा जुडगा जिथं बॅटरीमागे वळतो तिथं फवारा पोचला आणि इंजिन भडभडलं. त्यानं दोन बोटांनी जुडगा हलवला. इंजिन पुन्हा अडखळलं. सोडला, सुरळीत.

“उंदीर,” तो म्हणाला.

वरची काळी टेप सोडवली. दुसऱ्या कॉईलला जाणाऱ्या वायरीचं आवरण दातांनी सोललेलं, आतल्या तांब्याच्या बऱ्याच तारा तुटलेल्या, उरलेल्या दोन-चार हिरव्या पडलेल्या. कोरड्या हवेत तेवढ्यावर काम भागायचं. ओल आली की ठिणगीची वाट अडायची. मेकॅनिकनं वायर मागेपुढे कापली, नवा तुकडा सोल्डर केला, वर आकसणारी नळी चढवली, टेप गुंडाळली. चारशे रुपये. काका नाना पेठेच्या सवयीनं “साडेतीनशे” म्हणाले, पण मॅडमनी पैसे देऊन टाकले होते.

मग मेकॅनिक बॅटरीच्या खाली वाकला आणि तिथलं घरटं ओढून बाहेर काढलं. वडापावचा कागद, नारळाच्या शेंड्या, थर्माकोलचे मणी आणि मऊ अस्तर म्हणून घातलेल्या चंदेरी कापडाच्या चिंध्या. त्यानं एक चिंधी उजेडात धरली. “मॅडम, गाडीला कव्हर घालता?”

“मी नाही घालत,” मॅडम म्हणाल्या.

कुणीच काही बोललं नाही. काका शेडच्या पत्र्याकडे बघत होते. परत आल्यावर वॉचमनला घेऊन ८००चं कव्हर मागून उचललं तेव्हा खालची कड कातरलेली निघाली, मागच्या सीटचा फोम बाहेर आलेला होता आणि डिकीतून दोन जण घाईनं निघून गेले. बऱ्याच दिवसांत न हललेली गाडी, वर पावसापासून आडोसा, शेजारच्या जागेत रोज ऊबदार होऊन येणारं इंजिन. त्यांच्या दृष्टीनं जागा विचारपूर्वक निवडलेली होती.

दुसरा कुणी असता तर आठवडाभर जिन्यानं उतरला नसता. काका संध्याकाळपर्यंत उंदीर या विषयातले जाणकार झाले होते. “तो वायर खायला कुरतडत नाही, मॅडम. त्याचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, ते झिजवायला कुरतडतो.” हे खरं आहे. नेहमीच्या सवयीनं त्याला पुढे जोड मिळाली. तंबाखूची पानं फडक्यात बांधून सगळ्यांच्या बॉनेटखाली ठेवावीत असा ठराव त्यांनी ग्रुपवर मांडला. एकानं लिहिलं की आमचा ड्रायव्हर ती दुसऱ्या दिवशीच मळून संपवेल. चर्चा भरकटली.

आठवड्याभरात पार्सल आलं. माणसाला ऐकू न येणारा कर्कश आवाज काढून उंदीर पळवणारं यंत्र. काळा डबा, लाल आणि काळी वायर, बॅटरीला जोडायचं. कपाळावर टॉर्च, हातात दहा नंबरचा पाना, असे काका मॅडमच्या गाडीपाशी उभे राहिले.

“मॅडम, जरा बॉनेट उघडता? हे तुमच्या बॅटरीला जोडतो. माझी बॅटरी डाऊन आहे.”

मॅडमनी किल्ली पर्समध्ये टाकली. “काका, ते तुमच्याच गाडीत लावा. आधी नवी बॅटरी घ्या हवी तर. उंदीर राहायला तुमच्याकडे आहेत, माझ्याकडे फक्त जेवायला येतात.”